भोके पाडलेले कागद: शहापूरच्या एका दुकानाविषयी

बेळगावात शहापूरच्या बाजूला, साड्यांची दुकाने जिथे संपत येतात तिथून आत वळणाऱ्या एका गल्लीत जुन्या कागदांचे एक दुकान आहे. पाटीवर अजूनही वह्या-पुस्तकांच्या जुन्या धंद्याचेच नाव आहे, आणि नाव कुठे छापू नका अशी मालकांची विनंती असल्याने ते येथे देत नाही. पण गेल्या तीन वर्षांत मी तिथून जी खरेदी केली, तिच्याविषयी सविस्तर लिहावे असे बरेच दिवस मनात होते. माझा विषय अगदी अरुंद आहे. बिनतारी तारायंत्राच्या आरंभीच्या काळात, म्हणजे साधारण १८९७ पासून पहिले महायुद्ध संपेपर्यंत, ज्या कंपन्या निघाल्या त्यांची शेअर सर्टिफिकेटे मी जमवतो. हे कुणाला सांगितले की माणूस आधी हसतो आणि मग हमखास विचारतो, "त्या शेअरांचे आता किती येतात?" काही येत नाही. त्या कंपन्या केव्हाच विलीन झाल्या किंवा बुडाल्या. उरला आहे तो फक्त कागद, आणि हा अभिप्राय त्या कागदाचा आणि तो विकणाऱ्या दुकानाचा आहे.

मी तार खात्यात चौतीस वर्षे काढली. निवृत्त झालो तेव्हा तारेचे दिवस भरतच आले होते आणि जुलै २०१३ मध्ये ती सेवा कायमची बंद झाली. हातातली तार ठोकायची कळ गेली, पण बोटांची सवय गेली नाही. अजूनही जेवणाच्या टेबलावर माझे बोट नकळत कट्ट-कड करते आणि सौभाग्यवती ताट सरकवून घेते. छंद लागला तो या सवयीपोटी. तारेच्या वस्तू म्हणजे कळा, साउंडर (आलेली तार टकटक आवाजात ऐकवणारे यंत्र), फॉर्म यांचे संग्राहक पुष्कळ आहेत आणि त्यांच्या किमती माझ्या पेन्शनच्या पलीकडे गेल्या आहेत. शेअर सर्टिफिकेटांकडे मात्र आपल्या भागात फारसे कुणी वळलेले नाही. युरोपात या छंदाला १९७० च्या दशकाच्या अखेरीस रीतसर नाव मिळाले आणि १९७८ मध्ये संग्राहकांची आंतरराष्ट्रीय संस्थाही निघाली; तोवर रेल्वेचे, खाणींचे, बँकांचे जुने शेअर लोक रद्दीतच घालत असत.

दुकान दहा बाय बाराचे असेल. शहापूर पूर्वी सांगली संस्थानात होते, त्यामुळे दर्शनी भागात सांगली, जमखंडी, कुरुंदवाड, मुधोळ अशा संस्थानांची कोर्ट फी तिकिटे, जुने स्टँप पेपर, मोडीतली खतपत्रे आणि पोस्टकार्डे यांचाच भरणा आहे, आणि दुकानाची खरी रोजीरोटी त्यांच्यावरच चालते. परदेशी शेअरांच्या फाइली मागच्या लोखंडी कपाटात असतात. त्या मुंबईच्या आणि लंडनच्या व्यापाऱ्यांकडून लिलावातल्या उरल्यासुरल्या गठ्ठ्यांतून येतात, असे मालक उघडपणे सांगतात. 'एका साहेबाच्या बंगल्यात सापडले' अशी कहाणी ते कागदाला चिकटवत नाहीत. मालक चाळिशीतले आहेत. मला 'काका' म्हणतात, आणि मी वयाने मोठा असूनही त्यांना 'तुम्ही'च म्हणतो, कारण या बाबतीत गुरू ते आहेत.

पहिल्या खेपेला त्यांनी माझ्यापुढे अमेरिकन मार्कोनी कंपनीचे दहा शेअरांचे सर्टिफिकेट ठेवले. बिनतारी तारायंत्राचा प्रवर्तक मार्कोनी याने आपली पहिली कंपनी २० जुलै १८९७ रोजी लंडनमध्ये एक लाख पौंडांच्या भांडवलावर नोंदवली. तिच्या नावात तेव्हा मार्कोनी हे नावही नव्हते. ते १९०० मध्ये आले. त्या पहिल्या कंपनीचा कागद मी अद्याप डोळ्यांनीही पाहिलेला नाही. अमेरिकेतली कंपनी १८९९ च्या नोव्हेंबरमध्ये न्यू जर्सी राज्यात निघाली आणि तिचे शेअर पुढे हजारो लोकांनी घेतले, म्हणून तिची सर्टिफिकेटे आज बऱ्यापैकी मिळतात. माझ्यापुढचे १९१३ चे होते. दर्शनी किंमत शेअरला ५ डॉलर. धारकाचे नाव तिरक्या, घोटीव अक्षरात शाईने लिहिलेले, शाई उडून चहाच्या रंगावर आलेली. आणि अध्यक्षाच्या सहीवरून आरपार गेलेली भोकांची दुहेरी रांग.

भोके पाहून मी नाक मुरडले. जुने नाणे भोक पाडून गळ्यात घातलेले असले की त्याची किंमत जाते, एवढे शहाणपण माझ्याकडे होते. मालक हसले आणि म्हणाले, "भोकं बघून तोंड वाकडं करू नकासा, काका. ह्यो कागद परत गेलाय, म्हणजे ह्याच्या धन्याला काहीतरी मिळालंय. भोक नसलेला कागद दावतो, मग बोलूया." आणि त्यांनी दुसऱ्या फाइलीतून युनायटेड वायरलेस टेलिग्राफ कंपनीचे सर्टिफिकेट काढले. एकही भोक नाही, शिक्का नाही, घड्या सोडल्या तर कागद जणू काल छापखान्यातून आला.

या दोन कागदांमधला फरक समजायला मला घरी जाऊन आठ दिवस वाचावे लागले, पण तो समजल्यावर सगळा छंदच वेगळा दिसू लागला. अमेरिकन मार्कोनी १९१९ मध्ये नव्याने निघालेल्या रेडिओ कॉर्पोरेशन ऑफ अमेरिका या कंपनीत विलीन झाली. जुन्या शेअरधारकांनी आपले कागद परत करून नव्या कंपनीचे शेअर घेतले, आणि परत आलेला कागद पुन्हा कुणी वापरू नये म्हणून त्याला भोके पाडली गेली. कुणी त्याआधीच शेअर विकला असेल, तरी जुना कागद रद्द करून नव्या धन्याच्या नावे दुसरा काढला जाई. भोक हा हिशेब पूर्ण झाल्याचा शिक्का आहे. युनायटेड वायरलेसचे तसे नव्हते. तिच्या मुळाशी ली डी फॉरेस्ट हा संशोधक आणि एब्रहम व्हाइट हा शेअर विकण्यात कमालीचा वाकबगार माणूस, अशी जोडी होती. या दोघांनी १९०२ पासून एकामागून एक वायरलेस कंपन्या काढल्या आणि १९०४ च्या सेंट लुईसच्या जागतिक प्रदर्शनात मोठा मनोरा उभारून लोकांचे डोळे दिपवले. पुढे १९०६ मध्ये डी फॉरेस्ट बाहेर पडला, कंपनी युनायटेड या नव्या अवतारात आली, सूत्रे क्रिस्टोफर कोलंबस विल्सन नावाच्या गृहस्थाच्या हाती गेली (हे नाव मी बनवलेले नाही) आणि शेअरचा भाव बाजाराने नव्हे तर खुद्द कंपनीने आपल्या पत्रकांतून पायरीपायरीने वाढवत नेला. सामान्य माणसाला दिलेल्या शेअरांवर ठरावीक मुदतीपर्यंत विक्रीची बंदी होती; आतल्या मंडळींना ती नव्हती. १९१० मध्ये अमेरिकेच्या टपाल खात्याच्या निरीक्षकांनी धाड घातली, १९११ मध्ये विल्सनला शिक्षा झाली आणि १९१२ मध्ये तो अटलांटाच्या तुरुंगात वारला. त्याच वर्षी कंपनीची उरलेली मालमत्ता अमेरिकन मार्कोनीने घेतली.

टपाल खात्याच्या निरीक्षकांनी धाड घातली, हे वाचून खात्याच्या जुन्या माणसाला किंचित अभिमान वाटला, हे येथे कबूल करतो.

आता गंमत अशी की संग्राहकांच्या बाजारात भोके नसलेल्या, रद्द न झालेल्या कागदाला साधारणपणे जास्त भाव मिळतो, कारण तो 'स्वच्छ' असतो. म्हणजे ज्या कागदाच्या धन्याला तो परत नेऊन देण्याचीही आशा उरली नव्हती, जो कागद त्याने ट्रंकेच्या तळाशी टाकला आणि ज्याच्याविषयी तो बहुधा घरात बोललाही नाही, तो कागद आज महाग, आणि ज्याचा हिशेब चोख झाला तो स्वस्त. मालकांनी मात्र दोन्हींची किंमत जवळपास सारखी लावली होती: मार्कोनीचे साडेपाच हजार रुपये आणि युनायटेडचे सहा हजार. कारण विचारले तेव्हा ते म्हणाले की कागदाची मजा सारखीच आहे, आणि बुडालेल्याचे जास्त पैसे घ्यायला बरे वाटत नाही. हे व्यापाराच्या दृष्टीने चूक आहे, हे मी त्यांना सांगितले आणि दोन्ही घेतली.

अस्सलपणा कसा तपासावा हे या दुकानात गिऱ्हाइकाला शिकवले जाते, आणि माझ्या मते दुकानाचा सर्वांत मोठा गुण तोच आहे. टेबलावर दहापट मोठे दाखवणारे भिंग आणि नोटा तपासायचा जांभळा दिवा कायम ठेवलेला असतो. त्या काळची चांगली सर्टिफिकेटे कोरलेल्या धातूच्या पाट्यांवरून छापत. शाई पाटीच्या खाचांतून दाबाने कागदावर उचलली जाई, त्यामुळे ती किंचित उभारलेली राहते आणि कडेच्या नक्षीवरून बोटाचे टोक हलके फिरवले तर खरखर लागते. भिंगाखाली रेघ अखंड दिसते. आजच्या यंत्रावर छापलेल्या नकलेत तीच रेघ रंगीत ठिपक्यांत विरते. जांभळ्या दिव्याची युक्ती आणखी सोपी आहे: कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून घालायची चकाकीची रसायने साधारण १९५० नंतर रूढ झाली, तेव्हा अंधारात दिवा धरल्यावर कागद निळसर उजळला तर तो मार्कोनीच्या काळचा असणे शक्य नाही, जुना कागद मंद, मातकटच राहतो. मालकांनी दार लोटून घेतले, आम्ही दोघे त्या अंधारात दिवा धरून उभे होतो आणि तेवढ्यात चहावाल्या पोराने दार ढकलून विचारले, "नोटा छापतासा काय वो?" त्या दिवसापासून गल्लीत माझी ओळख तीच आहे.

ही तपासणी मला आधी कुणी शिकवली असती तर माझे नऊ हजार रुपये वाचले असते. या दुकानाची माहिती होण्यापूर्वी मी एका परदेशी विक्रेत्याकडून घरबसल्या डी फॉरेस्ट कंपनीचे म्हणून एक सर्टिफिकेट मागवले होते. ते आले, मी ते महिनाभर पाहुण्यांना दाखवले, आणि शहापूरच्या जांभळ्या दिव्याखाली ते ट्यूबलाइटसारखे उजळले. मालकांनी त्यावर एक शब्दही टीका केली नाही. चहा मागवला.

त्याहून वाईट अनुभव फ्रेमचा. शहरातल्या एका फ्रेमवाल्याकडे मी एक कागद विश्वासाने दिला. कागद सरळ बसावा म्हणून त्याने तो पाठीमागून डिंक लावून प्लायवूडवर चिकटवला. पावसाळ्यात प्लायवूड फुगले, कागदावर लाटा आल्या आणि मागची सगळी बाजू कायमची गेली. मागची बाजू म्हणजे नुसता कोरा कागद नसतो, हे त्या माणसाला मी सांगायला हवे होते. चूक माझीही आहे. हस्तांतराच्या नोंदी, साक्षीदाराच्या सह्या आणि करतिकिटे मागेच असतात. न्यूयॉर्क राज्याने १९०५ पासून शेअरच्या हस्तांतरावर कर बसवला होता. माझ्या एका कागदाच्या मागे त्या कराचे तिकीट अजून शाबूत आहे, आणि त्यावर सुबक आद्याक्षरे करून ते रद्द केलेले आहे. संस्थानी कोर्ट फीची तिकिटे पाहून ज्याचे डोळे तयार झाले आहेत अशा बेळगावकराला तो छोटासा तुकडा मुख्य कागदापेक्षाही आवडेल. शहापूरच्या दुकानात फ्रेम करून मिळत नाही. कागद आम्लविरहित पुठ्ठ्यावर कोपऱ्यांच्या खिशांत अडकवून पारदर्शक पॉलिएस्टरच्या पाकिटात देतात, आणि पुढचे गिऱ्हाइकाने पाहायचे. लॅमिनेशनचे नाव काढले तर मालक खरोखर रागावतात.

दुकानाचे दोषही स्पष्ट सांगितले पाहिजेत. बेळगावचा पाऊस जूनमध्ये जो बसतो तो सप्टेंबरपर्यंत कागदाला सुकू देत नाही, आणि अशा गावात कपाटात ओल शोषणाऱ्या पुड्या न ठेवता फाइली उभ्या कोंबून ठेवणे हे या मालाला शोभत नाही. गेल्या श्रावणात मी पाहिलेल्या तीन कागदांवर तांबूस ठिपके नव्याने उठले होते आणि एकाच्या कडेला कसर लागली होती. मालकांनी तो कागद विक्रीतून काढला हे खरे, पण तो वाचवता आला असता. सस्त्या, वास मारणाऱ्या प्लास्टिकच्या फाइलीही अजून सगळ्या बदललेल्या नाहीत. पावती मागितल्याशिवाय मिळत नाही. मागितली तर मात्र कंपनीचे नाव, साल, क्रमांक, दोष आणि 'अस्सल नसल्यास परत घेऊ' असे लिहून देतात. वेळेचा भरवसा मुळीच नाही. सकाळी अकराला उघडेल असे सांगितलेले दुकान मी साडेबारालाही बंद पाहिले आहे. दिवाणखान्यात मिरवायला काहीतरी 'अँटिक' हवे, अशा माणसाने तिथे जाऊ नये. त्याला एक तासाचे व्याख्यान ऐकावे लागेल आणि फ्रेमही मिळणार नाही.

किमतीविषयी एक गोष्ट आवर्जून सांगतो. मार्कोनीच्या कागदांना बाजारात टायटॅनिकचे शेपूट लावून विकण्याची रीत आहे. टायटॅनिकवरचे दोन्ही तारवाले, फिलिप्स आणि ब्राइड, मार्कोनी कंपनीचेच होते. परंतु ते जहाजांसाठी काढलेल्या ब्रिटिश कंपनीचे होते, अमेरिकन कंपनीचे नव्हे. अमेरिकन मार्कोनीचे १९१३ चे सर्टिफिकेट 'टायटॅनिकचा कागद' म्हणून दुप्पट भावात विकणे म्हणजे धारवाडचा पेढा बेळगावचा कुंदा म्हणून खपवणे आहे. या दुकानात तसे शेपूट लावत नाहीत. उलट टायटॅनिकचा आणि त्या शेअरचा जो खरा संबंध आहे तो मला मालकांच्याच तोंडून कळला, आणि तो पैशाचा आहे. जहाज १५ एप्रिल १९१२ च्या पहाटे बुडाले, वायरलेसमुळे सातशेहून अधिक माणसे वाचली, आणि जिकडेतिकडे या यंत्राचा बोलबाला झाला. दोनच दिवसांनी, १७ एप्रिलला, ब्रिटनचे अॅटर्नी जनरल सर रूफस आयझॅक्स यांनी आपल्या एका भावाकडून अमेरिकन मार्कोनीचे १०,००० शेअर दोन पौंड दराने घेतले. दुसरा भाऊ गॉडफ्रे ब्रिटिश मार्कोनीचा व्यवस्थापकीय संचालक होता आणि त्याच सुमारास सरकारशी साम्राज्यभर बिनतारी केंद्रे उभारण्याचा करार करत होता. रूफस यांनी त्यांतले एकेक हजार शेअर अर्थमंत्री लॉइड जॉर्ज आणि सत्ताधारी पक्षाचे प्रतोद लॉर्ड मरे यांना विकले. १९ तारखेला शेअर बाजारात खुला झाला तेव्हा भाव दुपटीजवळ गेला. पुढे संसदेत वादळ उठले, चौकशी समिती बसली, आणि तिच्या सदस्यांची मते १९१३ मध्ये पक्षाप्रमाणे विभागली गेली. मंत्रिपदे वाचली.

हे सगळे सांगून झाल्यावर मालकांनी विचारले, "हे रूफससाहेब म्हणजे कोण, ठाऊक आहे काय?" मला ठाऊक नव्हते. तेच पुढे लॉर्ड रीडिंग झाले आणि १९२१ ते १९२६ या काळात हिंदुस्थानचे व्हाइसरॉय होते. म्हणजे डिसेंबर १९२४ मध्ये आमच्या टिळकवाडीत महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे अधिवेशन भरले, त्याच्या पाण्यासाठी खोदलेली काँग्रेस विहीर आजही उभी आहे, तेव्हा दिल्लीच्या गादीवर बसलेला माणूस हा त्या शेअरांचा एके काळचा धनी होता. मी त्या विहिरीवरून वर्षानुवर्षे सायकलने कचेरीला गेलो. घरी येऊन माझ्या साडेपाच हजारांच्या कागदाकडे पुन्हा पाहिले, तेव्हा तो लांबच्या अमेरिकेचा वाटेना. जे दुकान गिऱ्हाइकाला असे धागे फुकट देते, त्याला वेळेबद्दल आणि ओलीबद्दल मी पुष्कळ माफ करायला तयार आहे.

प्रामाणिकपणाचा आणखी एक प्रसंग मी स्वतः पाहिला. खानापूरकडच्या एक बाई सासऱ्यांची जुनी भारतीय शेअर सर्टिफिकेटे पिशवीत घालून विकायला आल्या होत्या. सुमारे वीस कागद, दोरीने बांधलेले. त्यांतले चार-पाच आजही चालू असलेल्या कंपन्यांचे होते. मालकांनी गठ्ठा तसाच परत बांधला आणि म्हणाले, "वहिनी, हे मला देऊ नकासा. हे रद्दी न्हाई." एप्रिल २०१९ पासून कागदी शेअर दुसऱ्याच्या नावे विकता येत नाहीत, पण वारसाच्या नावे लावून ते डीमॅटमध्ये आणता येतात, आणि लाभांश सलग सात वर्षे कुणी घेतला नसेल तर शेअर सरकारच्या गुंतवणूकदार संरक्षण निधीकडे जातात, तरीही वारसाला ते मागता येतात, एवढे सगळे त्यांनी त्या बाईंना एका कागदावर मराठीत लिहून दिले आणि मृत्यूचा दाखला सांभाळून ठेवायला सांगितले. बुडालेल्या कंपन्यांचे उरलेले कागदही त्या दिवशी घेतले नाहीत. आधी घरात विचारून या, म्हणाले. त्या बाई नंतर परत आल्या की नाही, हे मी विचारले नाही.

एक संधी मात्र माझ्या हट्टामुळे हुकली, ती येथे नोंदवतो म्हणजे दुसऱ्या कुणाची हुकणार नाही. डी फॉरेस्टने व्हाइटची साथ सोडल्यावर रेडिओ टेलिफोन कंपनी काढली होती, तिचा एक कागद गेल्या दिवाळीत दुकानात आला. त्या कंपनीवरही फसवणुकीचा खटला झाला. १९१३ मध्ये सरकारी वकिलाने डी फॉरेस्टच्या ऑडिऑन या दिव्याला (म्हणजे क्षीण संदेश मोठा करणाऱ्या काचेच्या निर्वात नळीला) कवडीमोल ठरवले. साथीदारांना शिक्षा झाली, डी फॉरेस्ट सुटला. आणि ज्याला कवडीमोल म्हटले त्याच दिव्याचे टेलिफोनपुरते हक्क अमेरिकेच्या टेलिफोन कंपनीने त्याच वर्षी ५०,००० डॉलरना घेतले होते. त्याच्याच सुधारलेल्या रूपावर १९१५ मध्ये न्यूयॉर्क ते सॅन फ्रान्सिस्को बोलणे सुरू झाले. पुढचा सगळा रेडिओ त्या दिव्यावर उभा राहिला. म्हणजे हा एकच कागद असा की ज्याच्यावर विकणाऱ्याचे खोटे आणि यंत्राचे खरे एकाच सहीखाली नांदतात. मालकांनी अकरा हजार सांगितले. मी नऊवर अडलो. "आठ दिवस ठेवतो, काका, विचार करा," म्हणाले, आणि खरोखर आठ दिवस ठेवला. नवव्या दिवशी मी गेलो तेव्हा तो पुण्याला रवाना झाला होता. घासाघीस इथे चालते, पण शेकड्यात, हजारात नाही.

परदेशातल्या संग्राहकांशी अदलाबदल करण्याचा विचार असेल तर एक सावधगिरी बाळगावी. ऐतिहासिक मूल्याचा कागद पंचाहत्तर वर्षांहून जुना असेल तर १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली येऊ शकतो आणि तसा कागद परवानगीवाचून देशाबाहेर पाठवता येत नाही. त्यामुळे मी फक्त घेतो, पाठवत काही नाही. दुकानदारही पाठवत नाहीत. देशात मात्र टपालाने माल पाठवतात आणि बांधणी उत्तम असते: दोन जाड पुठ्ठे, मध्ये बटर पेपर, बाहेर मेणकापड.

सध्या मी ज्याची वाट पाहतो आहे तो कागद आपल्याकडचाच आहे. १९२७ मध्ये हिंदुस्थान आणि इंग्लंड यांच्यामधली बीम पद्धतीची, म्हणजे लहरी एकाच दिशेने झोतासारख्या सोडणारी, बिनतारी सेवा सुरू झाली. पाठवण्याचे केंद्र पुण्याजवळ खडकीला आणि घेण्याचे दौंडला होते, आणि ती इंडियन रेडिओ टेलिग्राफ कंपनी चालवत असे. १९३२ मध्ये तिच्यात समुद्री केबल मिळवून नाव बदलले आणि १९४७ च्या १ जानेवारीला सरकारने ती ताब्यात घेतली. खात्यातल्या माझ्या पहिल्या वरिष्ठांनी तरुणपणी दौंडला काम केले होते, आणि पावसात तिथले हेडफोन कानाला लावून विलायतेची कुजबुज कशी वेचावी लागे, हे ते चहाच्या वेळी सांगत. त्या कंपनीचा एखादा शेअर, भोकांचा असो की बिनभोकांचा, मला हवा आहे. हे मालकांना सांगितले तेव्हा त्यांनी गल्ल्यातून लाल कापडी बांधणीची मागणीवही काढली, जीभ लावून पान उलटले आणि लिहिले: 'खडकी-दौंड. तारवाले काका. आला की आधी फोन, मग कपाट.' आणि रकान्यात किंमत लिहायची जागा कोरी ठेवली.